आतली काडी

मास्तरांचा उजवा हात थरथरायला लागून चार वर्षं झाली होती आणि ही गोष्ट साऱ्या जगात फक्त दोघांना ठाऊक होती, एक ते स्वतः आणि दुसरी त्यांची लेक. दुकानाची रचनाच तशी सोयीची होती. पुढे काउंटर, भिंतीवर टांगलेली व्हायोलिनं, आणि मागे कामाची खोली, तिचं दार कायम लोटलेलं. गिऱ्हाईक यायचं, मास्तर डाव्या हाताने वाद्य उचलायचे, उजवा एप्रनच्या खिशात. लाकडाजवळ कान न्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हं. दुखणं कळलं." मग वाद्य आत जायचं, आत लेक मान मोडेपर्यंत काम करायची, आणि आठवड्याने मास्तर ते बाहेर आणून द्यायचे. "मास्तर, तुमच्या हातात जादू आहे हो!" गिऱ्हाईक म्हणायचं. मास्तर मान खाली घालायचे. विनय दाखवण्यात त्यांच्या जवळपास कोणी फिरकलं नसतं.

लेकीला ते ठोंबी म्हणत. लहानपणी ती उशिरा बोलायला लागली, तेव्हाचं हे नाव. पुढे ती बोलायला लागली, शिकली, कामाला लागली, चौतिशीत आली, केसांत पांढऱ्या तारा दिसू लागल्या, तरी नाव काही सुटलं नाही. गिऱ्हाइकांसमोरसुद्धा "ठोंबे, पाणी आण" असं चाले. ती पाणी आणायची. तिच्या नखांत वाळलेला सरस अडकलेला असायचा आणि एवढ्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाच्या मनात आलं नाही, की पाणी आणणाऱ्या बाईच्या नखांत सरस कसा?

मास्तरांचं एक ठरलेलं वाक्य होतं. लेक काम पुरं करून व्हायोलिनवर गज फिरवायची आणि त्यांच्याकडे बघायची. ते थोडा वेळ काढून म्हणायचे, "हात आहे तुला. कान नाही. कान जन्माला येतानाच आणावा लागतो." मग काहीतरी बारीकसं सांगायचे, तारांखालची घोडी सूतभर मागे घे, तार बदल. आता त्यांच्याबद्दल एक गोष्ट कबूल करायला हवी. त्यांचा कान खरोखरच असामान्य होता. म्हणूनच तर त्यांना पक्कं माहीत होतं की लेकीचाही कान तितकाच आहे, आणि कदाचित थोडा जास्तच. हे त्यांना ती बावीस वर्षांची असतानाच कळलं होतं. पण हे तिला सांगायचं म्हणजे आपलं आसन आपणच उचलून तिला देण्यासारखं. तेव्हा बारा वर्षं ते खोटं बोलत राहिले, आणि रोज बोललं की खोटंसुद्धा अंगवळणी पडतं.

मग ते जर्मन व्हायोलिन आलं.

आणलं वाद्यवृंदाच्या बाईंनी. बाई म्हणजे शहरातल्या मोठ्या वाद्यवृंदात पहिल्या खुर्चीवर बसणाऱ्या, साठीच्या, तोंडाने फटकळ. त्यांच्या गुरूंच्या घरी ओल आलेल्या कपाटात ते वर्षानुवर्षं पडून होतं. अडीचशे वर्षांचं वाद्य, पेटीत तीन तुकड्यांत. मानेच्या टोकाला नेहमीच्या गुंडाळीऐवजी सिंहाचं बारकं डोकं कोरलेलं, त्याचा एक कान तुटलेला. पुढची फळी स्प्रूसच्या लाकडाची, तिला चार चिरा. मागची मेपलची, पट्टेदार, जुन्या जर्मन कारागिरांच्या पद्धतीप्रमाणे पोटाला चांगली फुगीर. पुढच्या फळीच्या एका कडेला किडीने बोगदे पाडले होते. आत एक पिवळी चिठ्ठी, तिच्यावरची शाई उडून गेलेली. मास्तरांनी डोळे मिटले. "हं," ते म्हणाले, "दुखणं कळलं."

"आंधळ्यालाही कळेल," बाई म्हणाल्या. "तीन तुकडे आहेत."

पुढचे सहा महिने लेकीने दुसरं काही केलं नाही. सरस पातेल्यात पाणी घालून, त्यात दुसरं भांडं ठेवून, मंद आचेवर वितळवायचा. तो फार दाट झाला की चीर उघडीच राहते आणि फार पातळ झाला की धरत नाही. एकेक चीर जुळवून आतून तिने नखाएवढ्या लाकडाच्या चकत्या बसवल्या, जुन्या लाकडाच्या रेषांना रेषा मिळवून. किडीचे बोगदे भुशाने नाही भरले, तेवढा भाग कोरून तिथे जुन्याच स्प्रूसचा तुकडा घातला. जुनं वॉर्निश तिने खरवडलं नाही. फक्त मळ काढला, बोळ्याने, एका दिवसात तळहाताएवढा. खालून मधाच्या रंगाचा तांबूस उजेड वर आला. सिंहाला कान आला. तो कान नवा आहे हे कोणाला सांगितल्याशिवाय कळलं नसतं.

एका दुपारी मास्तर केस कापायला गेले होते आणि बाई न सांगता आल्या. काउंटरवर कोणी नाही म्हणून त्यांनी सरळ मागचं दार ढकललं. लेक उघड्या व्हायोलिनवर वाकलेली होती. बाई दारात उभ्या राहिल्या, मग स्टुलावर बसल्या, आणि तासभर तिचे हात बघत राहिल्या. मास्तर डोकं हलकं करून परत आले तेव्हा बाई लेकीला विचारत होत्या, "हे तू कोणाकडे शिकलीस?" लेक म्हणाली, "बाबांकडे." ते खरंच होतं. मास्तर लगबगीने दोघींच्या मधे येऊन उभे राहिले.

"हाताखाली असते माझ्या," ते घाईने म्हणाले. "बारीकसारीक बघते."

"बारीकसारीक," बाई म्हणाल्या. त्यांनी मास्तरांच्या एप्रनच्या खिशाकडे एक नजर टाकली आणि निघून गेल्या.

त्यानंतर त्या दर आठवड्याला येऊ लागल्या आणि मास्तरांना ओलांडून सरळ आत जाऊ लागल्या. आतून हसण्याचा आवाज यायचा. ठोंबी हसते हेच मास्तर विसरले होते. शेवटी एक दिवस बाईंनी काउंटरवर हात ठेवून सांगून टाकलं, "मास्तर, आमच्या सभागृहात तळमजल्यावर एक खोली रिकामी आहे. वाद्यवृंदाला स्वतःचा कारागीर हवाय. पुढच्या मंगळवारी तालमीला मी हे व्हायोलिन सगळ्यांसमोर वाजवणार. आवाज सगळ्यांच्या कानाला पटला, तर तुमच्या मुलीला आम्ही नेतो. तिला मी विचारलंय. ती हो म्हणालीय."

"आनंद आहे," मास्तर म्हणाले. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. लेक गेली म्हणजे दुकान गेलंच. पण दुकानाचं दुःख परवडलं. ती गेली की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी तुटकं व्हायोलिन घेऊन येणार, आणि मास्तर ते आत नेणार, आणि आत कोणीच नसणार. चाळीस वर्षांचं नाव त्या रिकाम्या खोलीत मातीत जाणार. ते भ्यायले होते, आणि भ्यालेल्या माणसाने शहाण्यासारखं वागावं अशी अपेक्षा करणं चूक आहे. पण यांनी जे केलं ते नीचपणाचं होतं, त्याला दुसरा शब्द नाही.

सोमवारी संध्याकाळी लेकीने तारा चढवल्या आणि गज फिरवला. जाड तारेचा आवाज आधी आला, खोल, उबदार, कुठेही न खरखरता. मग बारीक तारेचा, लख्ख, पण कानाला टोचत नव्हता. काउंटरवरचे पेले बारीक किणकिणले. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. असं व्हायोलिन त्यांनी स्वतः कधी उभं केलं नव्हतं, हात धड असतानाही नाही. लेक त्यांच्याकडे बघत होती, आणि या वेळी तिला काही सांगावं लागलं नसतं, नुसती मान डोलावली असती तरी पुरलं असतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "बारीक तार जरा किरटी वाटते. पण तुला नाही कळायचं."

मंगळवारी सकाळी लेक कपडे बदलायला घरात गेली. व्हायोलिन उघड्या पेटीत होतं. व्हायोलिनच्या पोटात, पुढच्या आणि मागच्या फळीच्या मधे, एक पेन्सिलीएवढी काडी उभी असते. ती चिकटवलेली नसते. ताणलेल्या तारा घोडीला खाली दाबतात, घोडी फळीला दाबते, आणि त्या दाबावरच काडी उभी राहते. सगळा आवाज या काडीवर. ती केसभर इकडची तिकडे झाली तरी वाद्य बोलायचं ते घुसमटतं. बाहेरून काहीच दिसत नाही. ती हलवायला एक पोलादी सळई असते, दोन्हीकडे वाकवलेली, एक टोक अणकुचीदार. ती फळीवरच्या लांबट छिद्रातून आत घालायची.

मास्तरांनी सळई घेतली. काडी नेमक्या जागी बसवायला हात दगडासारखा स्थिर लागतो, पण जागेवरून हलवायला तसला काही लागत नाही. एक टिचकी पुरे. त्यांनी ती दिली. सळई बाहेर काढताना मात्र हात थरथरला आणि छिद्राच्या कडेचा तिळाएवढा टवका उडाला. आतलं पांढरं लाकूड दिसू लागलं. मास्तरांनी त्यावर अंगठ्याने थोडी धूळ चोळली आणि पेटी बंद केली.

त्यांचा हिशेब साधा होता. आवाज बसणार, सगळे नाक मुरडणार, खोलीचा विषय तिथेच संपणार. मग व्हायोलिन दुकानात आणायचं, दार लोटायचं, लेकीला सांगायचं की काडी जरा डावीकडे घे, आणि आठवड्याने ते बाईंच्या हातात द्यायचं. व्हायोलिनचं नुकसान नाही, बाईंचं नाही. राहता राहिली लेक. तिला काय, सवय होती.

सभागृहात तालमीआधी साठेक वादक जमले होते. बाई उभ्या राहिल्या आणि वाजवू लागल्या. चार सूर झाले नाहीत तोच त्यांच्या भुवया जवळ आल्या. जाड तार रजईखालून बोलल्यासारखी येत होती, बारीक तार किंचाळत होती, आणि मधे एका सुरावर व्हायोलिन चक्क गुरगुरलं. बाईंनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच.

"बाई, सिंह जागा झाला वाटतं," मागून एक चेलोवाला म्हणाला. हशा पिकला.

लेक पहिल्या रांगेत कडेला बसली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. काल संध्याकाळी तिने हेच व्हायोलिन ऐकलं होतं, आपल्या कानांनी. तिने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकवली, आणि मास्तरांना स्पष्ट दिसलं, की ती आपल्या कानांवरचा विश्वास त्या क्षणी सोडून देत होती. बारा वर्षं त्यांनी पेरलं होतं ते आता उगवलं. त्यांना जरा वाईट वाटलं. पण मग ते उठले.

"माफ करा मंडळी," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "चूक माझी. माझं लक्ष नव्हतं. पोरीला हात आहे, कान नाही, मी तिला कायम सांगत आलोय. हाताखाली ठीक आहे, पण एकटीवर सोपवण्यासारखं नाही. दुकानात नेतो, आठवड्यात देतो."

साठ माणसं लेकीकडे वळून बघू लागली. बाईंनी गज खाली केला. लेकीकडे न बघता त्यांनी व्हायोलिन पुढे केलं. ती उठली, बाईंच्या हातून व्हायोलिन घेतलं आणि पेटीत ठेवायला वळली. खिडकीच्या उजेडात तिचे हात थांबले.

तिने अंगठा छिद्राच्या कडेवरून फिरवला. अंगठ्याला धूळ लागली. खाली पांढरा टवका होता. सहा महिने जिने त्या फळीचा कण न् कण हाताळला, तिला तो दुसऱ्या कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने व्हायोलिन डोळ्याशी धरून छिद्रातून आत पाहिलं. मग तिने मान वर करून बापाकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर मास्तरांना हायसं वाटलं असतं.

"बाबा," ती म्हणाली, "दुकानात कशाला न्यायचं? काडीच हलली आहे."

"असेल. तेच मी म्हणतोय. दुकानात…"

"दोन मिनिटांचं काम. सळई आहे माझ्या पिशवीत." तिने ती काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "मला कान नाही ना, बाबा. तुम्हाला आहे. तुम्हीच लावा."

"इथे? उजेड कमी आहे."

"दिवा आणतो!" चेलोवाला म्हणाला. सगळ्यांनाच हुरूप आला. "मास्तर, करा की! तुम्हाला काम करताना कोणी बघितलंच नाहीये!"

कोणीतरी टेबल आणलं, कोणीतरी दिवा. माणसं भोवती गोळा झाली. लेकीने व्हायोलिन टेबलावर पुसायच्या कापडावर ठेवलं. "मी तारा सैल करून देते, बाबा," ती म्हणाली आणि खुंट्या फिरवू लागली. काडी केसभर सरकवायला तारा जराशा सैल केल्या की भागतं. तिने त्या पार लोंबेपर्यंत सैल केल्या. फळीवर दाब म्हणून उरला नाही. आता पोटातली काडी फुंकर घातली तरी पडणार होती. हे त्या सभागृहात एकाच माणसाच्या लक्षात आलं, आणि त्याला बोलायची सोय नव्हती.

मास्तरांचा उजवा हात खिशातून बाहेर आला. चार वर्षांनी तो पहिल्यांदाच लोकांत आला होता. सळईचं टोक छिद्रापाशी गेलं आणि कडेवर टकटक वाजू लागलं. आधी लोकांना वाटलं, ते काहीतरी तपासताहेत. टकटक थांबेना, तेव्हा मागच्यांची कुजबुज बंद झाली. सळई कशीबशी आत गेली, काडीला टेकली आणि काडी पडली. पोटात खुळखुळली.

"असू दे बाबा, होतं कधीकधी," लेक गोड आवाजात म्हणाली. तिने व्हायोलिन उलटं करून हलवलं, काडी बाहेर काढली, सळईच्या टोकाला टोचली आणि सळई पुन्हा त्यांच्या मुठीत दिली. त्यांची बोटंसुद्धा तिने नीट मिटवून दिली.

काडी पुन्हा पडली. तिने पुन्हा काढून दिली. तिसऱ्या वेळी ती छिद्रातून आतच जाईना, बाहेरच गळून टेबलाखाली गेली, आणि चेलोवाला ती शोधायला वाकला तो बराच वेळ वर आला नाही. लोक आता छताकडे, बुटांकडे, कुठेही बघत होते. मास्तरांच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकत होता.

"पुरे," बाई म्हणाल्या.

"नाही हो बाई. होईल." लेक दिवा जरा जवळ सरकवत म्हणाली, त्यांच्या हातावर. "बाबांना घाई केलेली आवडत नाही. आपल्याला वेळ आहे."

चौथ्या वेळी मास्तरांनी सळई टेबलावर ठेवली. "तू कर," ते पुटपुटले.

"काय म्हणालात, बाबा?"

"तू कर."

तिने काडी टोचली, आत नेली, उभी केली, तारा चढवल्या, खालून एकदा आणि बाजूने एकदा टिचकी दिली, कान लावला. तिने व्हायोलिन बाईंना दिलं आणि बाईंनी गज टेकवला.

तो आवाज सभागृहाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. काल दुकानात मास्तरांनी ऐकला होता त्याहून तो मोठा होता, त्याला इथे जागा मिळाली होती. जाड तार बोलली तशी पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या वादकाने चष्मा काढला. मास्तर टेबलापाशी तसेच उभे होते, हात कुठे ठेवावा ते न कळून. त्यांच्या कानाला त्या आवाजात शोधून एक खोट सापडली नाही.

बाईंनी गज उतरवला. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. त्या मास्तरांच्या हाताकडे बघत होत्या. उत्तर लेकीने दिलं.

"चार वर्षं."

"म्हणजे चार वर्षांत आमची सगळी वाद्यं…" बाई थांबल्या. साठ माणसांनी आपापल्या वाद्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. चेलोवाल्याने मान खाली घातली. "खोली तुझी," बाई म्हणाल्या. "आजपासून."

मास्तरांनी डोळे मिटले. जाऊ दे तिला, त्यांना वाटलं. आता लपवायचं काही उरलंच नव्हतं. घरी जाऊन दार लावून घ्यावं, कोणाचं तोंड बघू नये.

"नको, बाई," लेक म्हणाली. "मी दुकानातच बसेन. तुम्ही वाद्यं तिकडे पाठवा. या वयात बाबांना एकटं कसं सोडू? त्यांचा जीव कामात आहे. चार माणसांत बसले तर बरं वाटेल त्यांना."

सभागृहात "वा!" झालं. अशी लेक मिळायला भाग्य लागतं, असं कोणीतरी म्हणालं. म्हाताऱ्या वादकाने येऊन मास्तरांचा खांदा थोपटला. मास्तरांनी लेकीकडे पाहिलं. त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं, ती जाणार नव्हती. "तू जा," ते हळूच म्हणाले, "जा ना, बाळ." तिने ऐकलं नाही, की ऐकून सोडून दिलं, कोण जाणे. ती सळई पुसून पिशवीत ठेवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दुकानात आले तेव्हा मागच्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. कामाचं टेबल पुढे काउंटरला लागून आलं होतं, रस्त्यावरून दिसेल असं. त्यामागे दोन खुर्च्या होत्या. "बसा, बाबा," लेकीने उजवीकडची पुढे ओढली.

पहिलं गिऱ्हाईक दहा वाजता आलं. तिने त्याचं व्हायोलिन घेतलं, तपासलं, टेबलावर ठेवलं. "आधी बाबा बघतील," ती हसून म्हणाली. दुपारपर्यंत तीन गिऱ्हाइकं आली. तिन्ही वेळा तिने सळई आधी मास्तरांच्या हातात दिली.